गणपतीच्या भिंतीवरची लंका

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीची मुलगी मुंबईहून आली, ती माझ्यासाठी एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीवर मारुती होता, जुन्या भिंतीवरच्या चित्रांसारखा, तांबड्या, निळ्या आणि पिवळ्या अशा तीनच रंगांत, आणि त्याच्या काखेत छत्री होती. "आजी, जुन्या स्टाइलचं आता खूप चालतं," ती म्हणाली. चित्र चांगलं होतं. काढणाऱ्या मुलाचा हात मला मनापासून आवडला. देवगडच्या बाजारातल्या मासेवालीला चित्रात आठ हात देऊन स्कूटरवर बसवणारा हाच तो मुलगा, हे कळल्यावर मी त्याची आणखी चार चित्रं मागवली आणि फ्रिजवर चिकटवली. माझं वय काय आणि फ्रिजवर चित्रं कसली चिकटवते, असं सून म्हणाली, म्हणू दे. पण त्या दिवशी पिशवी हातात आल्यावर दुपारभर माझं डोकं असं काही तापलं की ती पोरगी बिचारी पुन्हा पुन्हा विचारत राहिली, आपलं काय चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यांचं चुकलं त्यांच्यातलं आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मी त्यांना सोडून देईन असं मात्र कोणी समजू नये.

आमचं घर तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, एक चढण चढून गेल्यावर होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर होते. गणपती आमचा दीड दिवसाचा, पण भावकीतल्या पाचही घरांचा मिळून तो एकच, आणि तो आमच्या माजघरात बसायचा. त्याच्या मागची भिंत ही त्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती. आमच्या भागात गणपतीची भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची रीत होती. श्रावण सरत आला की चितारी यायचा, गेल्या वर्षीच्या चित्रावर स्वतःच्या हाताने चुना मारायचा आणि वाळलेल्या चुन्यावर नवं चित्र काढायचा. ते चित्र पुढच्या श्रावणापर्यंत राहायचं. चुलीच्या धुराने काळवंडायचं, मार्गशीर्षात त्याच्यावर पाली बसायच्या, उन्हाळ्यात आंब्याच्या आढीचा वास त्याला लागायचा, पण कोणी त्याला हात लावायचं नाही. वर्ष त्याचं असायचं. वर्ष झालं की चुना. मला वाटतं, आमच्या त्या भिंतीवर चुन्याच्या थरांमागे शंभर तरी चित्रं एकाखाली एक झोपली असतील.

आमचा चितारी म्हणजे भिकू मेस्त्री. उंच, वाकलेला, एका डोळ्याने जरा अधू, तोंडात कायम पान. रंग त्यांचे घरचेच: तांबड्या मातीची काव, कपड्यांना घालायची नीळ, हळद आणि दिव्याची काजळी, सगळं डिंकाच्या पाण्यात कालवून करवंट्यांत भरलेलं. ब्रश म्हणजे केवड्याच्या मुळाचे तुकडे, एका टोकाला दगडाने ठेचून मऊ केलेले. काढायचे ते रामायणच, जसं त्यांच्या बापाने काढलं, त्याच मोठ्या डोळ्यांच्या माणसांचं, त्याच कमानींचं आणि त्याच वेलपत्तीच्या काठाचं. पण त्यात ते असं काहीतरी घुसवायचे की मला हसून हसून पोटात दुखायचं. द्रोणागिरी उचलून निघालेल्या मारुतीच्या डोंगरावर एक गुराखी आणि त्याची गाय चुकून राहून गेलेली; गुराखी खाली बघून धोतर सावरतोय. वाली आणि सुग्रीव कुस्ती खेळताहेत आणि दोघांच्या छत्र्या शेजारच्या फणसाला टांगलेल्या. अशोकवनात सीतामाई बसलीय, आणि पहाऱ्यावरची एक राक्षसीण दुसरीच्या डोक्यातल्या उवा बघतेय. एवढ्या मोठ्या प्रसंगात असा उवांचा विषय काढायचं डोकं ज्या माणसाला होतं, तो माणूस आमच्या गावात भाताच्या पेजेवर राहत होता आणि कोणाला त्याचं काही नव्हतं.

मला मात्र होतं. मी सातवीची फायनल पास होऊन घरी बसले होते, कारण पुढची शाळा देवगडला आणि मास्तरांच्या मुलीने परगावी राहून शिकावं असं मास्तरांनाच वाटत नव्हतं. पण चित्रांचं वेड त्याच्या आधीपासूनचं. काडेपेट्यांवरचे छाप मी वहीत डकवायचे: वाघ, जहाज, टोपीवाला पोलीस. वाण्याच्या दुकानातल्या बिस्किटाच्या डब्यावरची बाई बघायला विनाकारण दुकानात जायचे. त्याउलट घराघरांत टांगलेल्या कॅलेंडरांवरच्या त्या गुलाबी, गुबगुबीत लक्ष्म्या मला डोळ्यांसमोर नको व्हायच्या. सगळ्यांची एकच हनुवटी, एकच हसू, आणि कोणाच्याही पायाला चिखल म्हणून नाही. गणपतीत मी शेजारच्या तीन वाड्या चालत पालथ्या घालायचे. लोकांना वाटायचं, मास्तरांचं चेडू किती देवभक्त. मी देवाकडे बघायचेसुद्धा नाही. मी मागची भिंत बघायचे, आणि घरी येऊन काडेपेट्यांच्या वहीत मागच्या बाजूला उतरवून काढायचे.

ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी मला पंधरावं संपत आलं होतं. गोकुळाष्टमीला मी बाहेर बसले होते, म्हणजे महिन्याच्या चार दिवसांत बायकांनी मागच्या पडवीत वेगळं बसायचं तसं. शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आणि आंबोळ्या मी पडवीतच खाल्ल्या होत्या, आणि दहीकाल्याचा आरडाओरडा तिथूनच ऐकला होता. हे मुद्दाम सांगते, कारण घरातल्या प्रत्येकाने मला तिथे बसलेलं पाहिलं होतं. न्हाऊन आत आले त्याच दिवशी भिकू मेस्त्रींनी भिंतीला चुना मारला. त्या वर्षी त्यांचा हात कापत होता. लांब रेघ ओढताना ते एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरत. दोन दिवस मी करवंट्या पुढे सरकवत नुसती बघत बसले, आणि तिसऱ्या दिवशी ते मागे न बघताच म्हणाले, "चेडवा, तुझ्या वहीत काय काय आसा ता मी बघितलंय. सेतूवरचे वानर तू भर. माझो हात आता वानरांक नाचयता."

मी वानर भरले. एकोणीस वानर, प्रत्येकाच्या डोक्यावर दगड. मी मान वर न करता काम करत होते. आई जेवायला हाक मारून थकली. सेतू पुरा झाल्यावर टोकाला वीतभर जागा उरली, तेव्हा मेस्त्री म्हणाले, "ही तुझी. होया ता काढ." मी एक वानरी काढली. दोन वेण्या, परकर, एका हातात पाटी आणि डोक्यावर सगळ्यांपेक्षा मोठा धोंडा. मेस्त्रींनी जवळ येऊन आपल्या चांगल्या डोळ्याने ती निरखली, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "शेपूट जरा लाजता हा. सोड तेका मोकळा." मी शेपूट मोकळी सोडली. माझ्या हातचं चित्र भावकीतली पाचही घरं, येणारे जाणारे, भजनी मंडळी, सगळे बघणार होते, आणि ते वर्षभर तिथे राहणार होतं. आयुष्यात मला त्याआधी काही मिळालं नव्हतं असं नाही, पण माझं म्हणून मिळालेलं ते पहिलंच.

सेतूच्या पलीकडे मेस्त्रींची लंका होती. सोन्याच्या कमानी, दहा तोंडांचा रावण आरामखुर्चीत, आणि कमानीखालून आत शिरणारी लाल एसटी मोटार, टपावर कोंबड्यांची खुराडी आणि कपाळावर पाटी: लंका, तळेरे मार्गे. गावातली माणसं खळ्यातून, म्हणजे अंगणातून, आत डोकावून ही पाटी वाचायची आणि हसत हसत उतरण उतरायची.

तृतीयेच्या आधी दोन दिवस अण्णांचे मोठे भाऊ, आमचे भाऊकाका, मुंबईहून काकीला घेऊन आले. मुंबईत ते कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा होता. पायही न धुता ते भिंतीसमोर उभे राहिले.

"मेस्त्री, हे काय? लंकेत मोटार?"

"मगे माणसा जातली कशी, भाऊनु? सगळ्यांकाच काय मारुतीसारख्या उडाक येता?"

"आणि ही पाटी?"

"तळेऱ्याक रस्तो फुटता. पाटी नसली तर माणूस जायत विजयदुर्गाक." मेस्त्री हे थट्टेने बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच रावणाच्या पाहुण्यांची काळजी होती.

भाऊकाका लाल झाले. यंदा त्यांचे साहेब सहकुटुंब दर्शनाला येणार होते. साहेबांना हे असलं दाखवायचं का, लोक कुठे चाललेत आणि आपण कुठे, मुंबईत आता घरोघरी भिंतीला फिकट हिरवा ऑइलपेंट असतो, धुतला की स्वच्छ, असं बरंच बोलले. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि वेलपत्तीचा काठ पुढे ओढायला लागले. अण्णा म्हणाले, "आता काढून झालाच आसा. पुढच्या वर्षी बघू." भाऊकाका गप्प बसले, पण वाद मिटल्यासारखे नाही, वाट अडल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसून खालच्या पट्टीत कावेने कमळं भरत होते. पाटावर आधी मेस्त्रींच्या हातून काव सांडली होती, ती मी न बघताच वर बसले. पाणी प्यायला उठले तेव्हा काकी मागून येत होती. तिने माझा परकर मागून पाहिला आणि तोंडावर हात घेतला. "अगो, बाहेरची झालंस आणि गणपतीच्या भिंतीक हात लावतंस?"

"काव आसा ती, काकी."

"माका शिकवतंस?" तिचा आवाज चढला आणि माणसं जमली. काकीला मी त्यातल्या त्यात माफ करते. ती कालच मुंबईहून आली होती, अष्टमीला मी कुठे होते ते तिला ठाऊक नव्हतं. मेस्त्री फळीवरून उतरले, पाट उचलून त्यांनी सगळ्यांपुढे धरला. पाटावर तांबडा डाग होता, माझ्या परकरावर होता तसाच. "वयनी, काव आसा. माझ्याच हातसून सांडली. बोट लावन बघा." काकी म्हणाली, मेस्त्री, तुम्ही ह्यात पडा नको. बोट कोणीच लावून बघितलं नाही. आज सत्तरी उलटून गेली तरी मला हेच आठवतं: पाच माणसं उभी होती आणि एका बोटाचं काम होतं.

मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात तांदळाचं सूप घेऊन उभी होती. तिने खाली बघितलं आणि तांदूळ निवडायला लागली. मी अण्णांकडे पाहिलं. लिंबू आणि दिवा घेऊन साऱ्या गावाला ग्रहण समजावून देणारा माणूस तो. "अण्णानु, अष्टमीक मी..." एवढं म्हणाले, तर काकी म्हणाली, पुरुषांसमोर काय बोलतंस, लाज आसा का तुका. मग मी पुढे बोलू शकले नाही. माझ्या त्या लाजेवरच सगळ्यांचं काम भागलं. भाऊकाकांचा आवाज तर एकदम मऊ झाला. "इलाज नाही," ते म्हणाले, "भिंत बाटली. चतुर्थी परवावर आली. मेस्त्री, चुना मारा." अडलेल्या माणसाला वाट मिळाली की चेहरा जसा सुटतो, तसा त्यांचा सुटला होता. त्यांना काव आणि रक्त यातला फरक कळत नव्हता असं नाही. त्यांना मोटार नको होती, आणि ती घालवायला मी सापडले.

मेस्त्रींनी करवंट्या एकात एक घातल्या. "वर्ष झाला की मी माझ्या हातान चुनो मारतंय," ते म्हणाले. "वर्ष झाल्याबिगर नाय." केवड्याची मुळं त्यांनी पंच्याच्या टोकाला बांधली आणि खळं ओलांडून गेले. कमळांची कावेची करवंटी तेवढी मागे राहिली. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत, आणि त्यांच्या दारात जायला मला तोंड नव्हतं.

चुना शेवटी अण्णांनी मारला. मला तोवर मागच्या पडवीत पाठवलं होतं, पण मधलं दार उघडं होतं. सदऱ्याच्या बाह्या दुमडून, बादली घेऊन, त्यांनी सेतूच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे माझ्या वानरीपासून. मुद्दाम नव्हे, बादली त्या बाजूला होती म्हणून. ओल्या हवेत चुना वाळेना, आणि काव वर येत राहिली. दुसरा हात दिला तरी रावणाची दहा तोंडं पुसट गुलाबी दिसतच होती. शेवटी काकीने आपली मुंबईची जरीची साडी भिंतीवर ताणून ठोकली आणि साडीपुढे गणपती बसवला.

मी चार दिवस पडवीत होते, विटाळ नसताना. धो धो पाऊस पडत होता आणि पागोळ्या माझ्या चटईच्या काठावर पडत होत्या. आत मोदकांसाठी नारळ खवल्याचा आवाज, मग गुळाचा वास, मग टाळ, मग आरती. माझा गळा आपोआप चालू झाला आणि मी तो दाबून बंद केला. आई माझं पान आणून हातभर अंतरावर ठेवायची आणि बोट न लावता मागे सरकायची. मोदक, काळ्या वाटाण्याचं सांबार, पातोळ्या. चतुर्थीच्या दिवशी मी म्हटलं, "आये, तुका म्हायत आसा ना?" ती म्हणाली, "चार दिवस बस गो. वर्षभर घरात कटकट नको." मी पान उलटं केलं. मोदक खळ्यात घरंगळत गेले आणि कुत्र्याने खाल्ले. ऋषिपंचमीला काकीने उपास केला, विटाळात कुठे चुकून हात लागला असेल त्याच्या प्रायश्चित्ताचं ते व्रत, आणि त्याच दुपारी दीड दिवसाचा गणपती माझ्या दृष्टीस न पडता नदीवर गेला. भाऊकाकांचे साहेब आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे कुठेतरी जायचं होतं म्हणे.

पुढच्या वर्षी भिंतीला फिकट हिरवा ऑइलपेंट लागला, कायमचा. त्याच्यावर काव धरत नाही, नीळ धरत नाही, काही धरत नाही. बघता बघता वाड्यांतल्या बाकीच्या घरांनीही तेच केलं, कारण मास्तरांच्या घरी होतं ते बरोबरच असणार. आता त्या पिशवीवाल्या मुलासारखी पोरं वह्या घेऊन गावोगाव हिंडतात, म्हाताऱ्यांना विचारतात, आजी, तुमच्याकडे जुन्या भिंतीचा फोटो आहे का. माझ्याकडे फोटो नाही. वहीसुद्धा नाही, ती मी त्याच चार दिवसांत पागोळीखाली धरली होती.

त्यानंतर पितृपंधरवडा आला. भाऊकाका मुंबईला परतले होते. आजोबांच्या म्हाळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी खरोखरची बाहेरची झाले. म्हाळाचं सोवळं गणपतीपेक्षा कडक. मी कोणाला सांगितलं नाही. विहिरीवर न्हाले, ओल्या केसांनी आत आले, देवांना फुलं वाहिली, पाण्याच्या हंड्यात हात घातला. दुसऱ्या दिवशी वड्यांचं पीठ मी मळलं, वडे मी थापले, खीर मी ढवळली आणि पितरांचं पान माझ्या हाताने वाढून अण्णांच्या हातात दिलं. आतून मी इतकी संतापलेली होते की भीतीला जागाच नव्हती. अण्णांनी पान खळ्याच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि हाक घालायच्या आधीच कावळा येऊन वडा घेऊन गेला. अण्णा खूश झाले. आजोबा तृप्त झाले, म्हणाले. मग जेवायला बसले आणि वडे आज झकास झालेत म्हणून दोन जास्त मागून घेतले, ते मीच वाढले. कोणाला काहीही झालं नाही. घराचं कौलसुद्धा हललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पाण्याला गेलो. आईने कळशी सोडली, ओढली, पुन्हा सोडली, आणि राहाटाकडे बघतच म्हणाली, "ह्या महिन्यात तू बसाक नाय."

"नाय."

"काल तुझो दुसरो दिवस."

"तू मोजतंस?"

"आवस मोजता."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "मगे चवतीक मोजूक नाय होतंस?"

"मोजलेलंय," आई म्हणाली. दोर तिने हाताला एक वेढा घालून थांबवला. "मी बोललंय असतंय, तर माका खंय बसयल्यानी असता, सांग."

तिने भरलेली एक कळशी कमरेवर घेतली, आणि दुसऱ्या कळशीकडे बघून क्षणभर थांबली. ती मी उचलायला हवी होती, हे आता कळतं. तेव्हा मी हात बांधून तशीच उभी राहिले, आणि दोन्ही कळश्या एकटीने घेऊन आई चढण चढून गेली.